डिलीट केलं म्हणजे गेलं?

खडूस_पुणेकर: काल मेव्हण्याशी वाजलं. म्हणे, ‘व्हॉट्सॲपला एंड-टू-एंड एन्क्रिप्शन आहे, कुणाच्या बापाला वाचता येणार नाही.’ 2016 पासून आहे, मान्य. पण ते कुलूप फक्त वाटेवरचं. मेसेज फोनवर पोचला की उघडाच असतो. गूगल ड्राइव्हवरच्या बॅकअपला एन्क्रिप्शन आलं 2021 मध्ये, तेही सेटिंगमध्ये जाऊन आपणच चालू करायचं. किती जणांनी केलंय? म्हणून माझं म्हणणं, पोलिसांनी जप्त केलेला अख्खा फोन उपसायला बंदी हवी. गुन्ह्यापुरतं काय ते घ्या.

तालुका_वकील: गुन्ह्यापुरतं म्हणजे किती, हे उघडल्याशिवाय कसं कळणार हो? माझ्याकडे पाठलागाच्या, धमक्यांच्या केसेस येतात. आरोपी पहिलं काय करतो? ‘डिलीट फॉर एव्हरीवन’. मेसेज फोनमधल्या एसक्यूलाइट नावाच्या डेटाबेसमध्ये, म्हणजे नोंदवहीसारख्या फाइलमध्ये, असतात. खोडलेली नोंद तिथे नवीन काही लिहिलं जाईपर्यंत मागे राहू शकते, आणि कधीकधी अख्खी केस तेवढ्यावर उभी असते. तुमच्या नियमाने तक्रार करणारी मुलगी हरते.

खडूस_पुणेकर: आणि मजकूर त्याने लिहिलाच नसेल तर? एल्गार परिषद प्रकरणात एका आरोपीच्या लॅपटॉपवर मालवेअरमधून, म्हणजे चोरून घुसवलेल्या सॉफ्टवेअरमधून, फाइली टाकल्या गेल्या, असं अमेरिकेतल्या आर्सेनल कन्सल्टिंग या डिजिटल फॉरेन्सिक कंपनीने 2021 मध्ये सांगितलं.

तालुका_वकील: एनआयएने, म्हणजे राष्ट्रीय तपास संस्थेने, ते मानलेलं नाही, हेही सांगा की. आणि ते सापडलं कशातून? अख्ख्या डिस्कच्या प्रतीतूनच ना! गुन्ह्यापुरत्या चार फाइली घेतल्या असत्या तर मालवेअर दिसलाच नसता.

ठाण्याची_काकू: पोलीस राहू द्या हो. फोन दुरुस्तीला टाकताना आपण पिन कागदावर लिहून देतो, त्याचं बोला.

लॅबवाला: काकू, शंभर टक्के! बाकी तुम्ही दोघं भांडताय ते फॉरेन्सिक लॅबच्या आतल्या गोष्टींवर. घोळ त्याच्या आधीच होतो. फोन जप्त केल्या केल्या नेटवर्कपासून तोडायचा, सील करायचा, मग प्रत काढून हॅश घ्यायचा. हॅश म्हणजे डेटाच्या अंगठ्याचा ठसा. एक अक्षर हललं तरी ठसा बदलतो. 1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या साक्ष्य कायद्यात कलम 63 च्या प्रमाणपत्रात तो लिहावाच लागतो. छान. पण हॅश पंधरा दिवसांनी काढला तर तो त्या दिवसाचा ठसा. मधल्या पंधरा दिवसांचं काय? आमच्याकडे खाकी लिफाफ्यातून चालू फोन आलेत, आतून ‘शुभ सकाळ’ची टुंग वाजतेय.

तालुका_वकील: हे मात्र उलटतपासणीत विचारणार. आभार.

खडूस_पुणेकर: बघा, शेवटी आरोपीच्याच कामाला आलं! असो. मेव्हण्याला हे सगळं वाचून दाखवलं. लगेच बॅकअपचं एन्क्रिप्शन चालू केलं पठ्ठ्याने. ‘ती बॅकअप उघडायची 64 अंकी किल्ली कुठे लिहून ठेवलीस?’ विचारलं, तर म्हणतो, व्हॉट्सॲपवर स्वतःलाच पाठवलीय.