शेजारच्या आजोबांच्या डब्यातून तीन जुनी अमेरिकन पिस्तुलं आलीत, ओळखायची कशी?

ओहायोतला_सातारकर:
नमस्कार मंडळी. इकडे येऊन अठरा वर्षं झाली, सिटिझन आहे, पण बंदुकीतलं मला काहीच कळत नाही आणि आता एकदम तीन हत्यारं घरात आलीयेत. शेजारी एक म्हातारे गृहस्थ होते, आयुष्यभर टूल अँड डायचं, म्हणजे कारखान्याची अवजारं नि साचे बनवायचं काम केलेले, लेथ चालवायला मी त्यांच्याकडेच शिकलो, मुलांना तर सख्ख्या आजोबांसारखे होते. मार्चमध्ये गेले. परवा त्यांच्या मिसेसनी बोलावून एक पत्र्याचा डबा हातात दिला, म्हणाल्या ह्यांनी सांगून ठेवलं होतं की हे तुलाच द्यायचं, तू नीट ठेवशील. विकायचं अजिबात नाहीये. पण काय आहे तेच माहीत नसेल तर नीट ठेवणार कसं, म्हणून इथे विचारतोय.

एक छोटं आहे, निकेलचं, पाच गोळ्यांचं, वरची कडी उचलली की मधोमध उघडतं आणि मुठीवर दोन्हीकडे घुबडाचं तोंड. नळीवर आयव्हर जॉन्सन आर्म्स अँड सायकल वर्क्स असं काहीतरी लिहिलंय.

दुसरं ठासणीचं दिसतंय. अष्टकोनी नळी, चार इंच भरते, वर कोल्टचं नाव आणि न्यू यॉर्क सिटी. चक्रावर पुसट चित्र आहे, घोडे वाटतात. सगळं लोखंड तपकिरी पडलंय. मुलगा म्हणतो हे इटलीचं खेळणं आहे, बाजारात ढीगभर मिळतात.

तिसरं लांब बारीक नळीचं .२२, कोल्टचंच, मॅगझिनवालं. पेटीत शूटिंग क्लबचे जुने कागदी टार्गेटही आहेत, पेन्सिलीने स्कोअर लिहिलेले.

नंबर कुठे बघायचे, आणि पितळ नि निकेल ब्रासोने पुसून घेऊ का? फार मळलंय हो.

पेनसिल्व्हेनियाचे_काका:
ब्रासो खाली ठेवा आधी. पुसापुशीचं बाकीचे सांगतील, मी फक्त एक सांगतो आणि ते आजच करा. ठासणीचं रिव्हॉल्व्हर शंभर वर्षं डब्यात पडलेलं असलं तरी भरलेलं असू शकतं, काळी दारू कोरडी राहिली तर ती मरत नाही. चक्राच्या मागे पाच निपल दिसतील, त्यावर दारू पेटवणाऱ्या तांब्याच्या छोट्या टोप्या बसलेल्या आहेत का बघा. टोप्या असतील तर काहीही उपटायला जाऊ नका, घोड्याला, म्हणजे मागच्या हॅमरला, हात नको, तसंच ठेवून गनस्मिथला (बंदुका दुरुस्त करणाऱ्याला) फोन. टोप्या नसतील तर नळीचं तोंड भिंतीकडे करून बाजूने टॉर्च मारा, चक्राची घरं पुढून दिसतात. तळापर्यंत रिकामं दिसलं तर ठीक. मध्येच राखाडी शिसं दिसलं तर ते भरलेलं आहे असंच धरायचं. .२२ चं मॅगझिन काढलं तरी एक गोळी नळीत राहू शकते, स्लाइड मागे ओढून आत बघा. पोरांना तोवर खोलीत येऊ देऊ नका.

जुनं_लोखंड:
काकांनी सांगितलं ते झालं की पुढचं वाचा. मी कनेक्टिकटमध्ये राहतो, वीस-बावीस वर्षं हाच नाद आहे, त्यामुळे लांबण लागेल.

घुबडवाल्यापासून सुरू करतो. आयव्हर जॉन्सन, फिचबर्ग, मॅसॅच्युसेट्स. ते सायकलीही बनवायचे म्हणून नावात सायकल वर्क्स. ह्या मॉडेलला सेफ्टी ऑटोमॅटिक म्हणतात पण ऑटोमॅटिक म्हणजे आपण समजतो ते नाही, उघडलं की रिकाम्या पुंगळ्या आपोआप बाहेर पडतात एवढाच अर्थ. १९०१ साली बफेलोला प्रेसिडेंट मॅकिन्लींवर झाडलेलं रिव्हॉल्व्हर ह्याच जातीचं, .३२ चं होतं. लाखोंनी बनली, तेव्हा चार-साडेचार डॉलरला मिळायची, त्यामुळे आजही फार महाग नाहीत. पण पिढी ओळखणं महत्त्वाचं. वरची कडी जिथे बसते तिथे फ्रेममधून वर आलेली खुंटी एक आहे की दोन ते बघा. एक असेल तर पहिलं मॉडेल, १८९४ ते १८९६ च्या सुमाराचं. दोन असतील तर १८९७ नंतरचं. १९०९ पासून तिसरं मॉडेल आलं, तेच फक्त बिनधुराच्या दारूसाठी मजबूत केलेलं, आत पट्टीच्या जागी गुंडाळीची स्प्रिंग. पहिली दोन काळ्या दारूची, त्यात आजची काडतुसं घालायची नाहीत, दुकानदार काहीही म्हणो. नंबर डाव्या मुठीखाली असतो.

आणि ती मूठ काढताना जपून. ती कडक रबराची आहे, शंभर वर्षांत ठिसूळ होते, स्क्रूड्रायव्हर घालून उचकटली की घुबडाच्या मानेपासून तुकडा पडतो. स्क्रू दोन-तीन आटे सैल करा, पूर्ण काढू नका, मग स्क्रूच्या डोक्यावर लाकडी दांडीने हलकं टकटक करा, समोरच्या बाजूची मूठ आपोआप उचलली जाते. स्क्रूच्या खाचेत गच्च बसणारा सरळ पात्याचा स्क्रूड्रायव्हर हवा, टोकाला निमुळता होणारा नको. तुम्ही टूल अँड डायवाल्याकडे शिकलात तर पातं कसं घासून घ्यायचं हे तुम्हाला सांगायला नको.

आता कोल्ट. चार इंची अष्टकोनी नळी, पाच गोळ्या, चक्रावर घोडे, हे सगळं १८४९ च्या पॉकेट मॉडेलशी जुळतंय, .३१ कॅलिबर, म्हणजे नळीचा व्यास इंचात. ते चित्र स्टेजकोच, म्हणजे प्रवासी घोडागाडी, लुटण्याचं असतं. ऑर्म्सबी नावाच्या न्यू यॉर्कच्या एन्ग्रेव्हरने डाय बनवला होता आणि तो चक्रावर दाबून फिरवायचे. नळीवर न्यू यॉर्क लिहिलंय म्हणून तिथे बनलं असं नाही, तो विक्रीचा पत्ता. कारखाना इथे हार्टफर्डला, निळ्या घुमटाची ती इमारत अजून हायवेवरून दिसते. १८५० ते १८७३ मध्ये सव्वातीन लाखांच्या आसपास बनली, म्हणजे दुर्मिळ नाही, पण खरं असेल तर एकशे पन्नास वर्षांपूर्वीचं खरं लोखंड आहे हो ते.

खरं की इटालियन हे असं बघा. लोडिंगच्या दांड्याखाली, नळीच्या पोटाला आणि फ्रेमवर भिंग घेऊन शोधा. इटलीच्या नकलांवर तिथल्या सरकारी चाचणीचे शिक्के असतात, छोट्या चौकटीत रोमन आकडा किंवा दोन अक्षरं असतात, तो सालाचा कोड, आणि बऱ्याचदा ब्लॅक पावडर ओन्ली असं चक्क लिहिलेलं असतं. अंडाकृतीत ईएलजी दिसलं तर बेल्जियमची लिएजची चाचणी. यातलं काही नसेल तर नंबर जुळवा. नळीचा मागचा भाग, फ्रेम, ट्रिगर गार्ड, मुठीची पितळी पट्टी, चक्र, आणि नळी अडकवणारी आडवी पाचर. कोल्ट ह्या सगळ्यांवर नंबर मारायचं, काहींवर पूर्ण तर काहींवर शेवटचे आकडे.

आणि एक गोष्ट जी सहज लक्षात येत नाही. ह्या मॉडेलच्या पितळी पट्ट्यांवर मुळात चांदीचा मुलामा असायचा. हाताने घासून गेलेला असतो पण ट्रिगर गार्ड फ्रेमला मिळतो त्या कोपऱ्यात, जिथे बोट पोचत नाही, तिथे करड्या रंगाची बारीकशी रेघ उरलेली असते. म्हणून ब्रासो नको म्हणतोय. तुम्ही जे मळ म्हणून पुसाल तेच त्याच्या खरेपणाचा पुरावा असतं.

.२२ चं नंतर लिहितो, तोवर त्यावर वूड्समन असं कुठे लिहिलंय का ते सांगा.

चिकोपी_फॉल्स:
.२२ चं मी सांगते, टार्गेट पिस्तुलं हा माझा विषय. नावच तसं घेतलंय कारण स्टीव्हन्स ह्या बंदुकांच्या कंपनीचा कारखाना मॅसॅच्युसेट्सच्या चिकोपी फॉल्स गावात होता, त्यांची एका गोळीची टार्गेट पिस्तुलं मी जमवते.

तुमचं बहुतेक कोल्टचं .२२ ऑटोमॅटिक टार्गेट पिस्टल असावं, जॉन ब्राउनिंगचं डिझाइन, १९१५ ला आलं. वूड्समन हे नाव १९२७ मध्ये दिलं आणि तेव्हापासून डाव्या बाजूला छापायला लागले. नाव नसेल तर त्याआधीचं, जमवणारे त्याला प्री-वूड्समन म्हणतात, ती साधारण चोपन्न हजार बनली. नळी एकदम पेन्सिलीसारखी बारीक असेल तर त्यातही सुरुवातीचं. मुठीच्या मागच्या कण्यावर नीट बघा, तिथे बारीक चौकडीची नक्षी आहे की आडव्या रेघा? चौकडी असेल तर ते फक्त साध्या वेगाच्या काडतुसांसाठी आहे, हाय स्पीड गोळ्यांनी स्लाइड मागे आपटून बिघडते. तो भाग कोल्टने १९३०च्या दशकाच्या सुरुवातीला बदलला आणि नव्यावर आडव्या रेघा केल्या. नंबर तपासल्याशिवाय कोणाच्या शब्दावर जाऊ नका कारण लोक तो भाग नंतर बदलूनही घ्यायचे.

पॉलिशबद्दल मात्र पोटतिडकीने सांगते. पहिलं स्टीव्हन्स घेतलं तेव्हा एका दुकानदाराने मला सांगितलं की री-ब्लू करून घ्या, म्हणजे लोखंड घासून पुन्हा निळसर काळा रंग चढवून घ्या, नव्यासारखं होईल. दिलं. परत आलं ते खरंच चकचकीत, पण अष्टकोनी नळीच्या कडा गोल झालेल्या, कंपनीच्या नावातली दोन अक्षरं बफरने खाऊन टाकलेली आणि स्क्रूच्या भोकांभोवती बशीसारखा खड्डा. शंभर वर्षांत कोणी केलं नव्हतं ते नुकसान एका दुपारी झालं. आज अजूनही माझ्याकडे आहे आणि हातात घेतलं की वाईट वाटतं. तुम्ही फक्त मऊ फडक्याने धूळ पुसा, लोखंडावर तेलाचा अगदी पातळ हात फिरवा, निकेलला आणि पितळेला काहीही लावू नका. चामड्याच्या होल्स्टरमध्ये ठेवू नका, चामडं ओल धरतं.

आणि ते टार्गेटचे कागद फेकू नका हं. स्कोअर, तारीख, क्लबचं नाव, सगळं त्या पिस्तुलाचंच आहे.

फ्रेमाँटची_मानसी:
मधेच विचारते, आम्ही एच-१बी वर आहोत, नवऱ्याला एस्टेट सेलमध्ये (गेलेल्या माणसाच्या घरातलं सामान विकतात तिथे) असं काही दिसलं की घ्यावंसं वाटतं. चालतं का?

जुनं_लोखंड:
मानसी, विचारलंस ते बरं केलंस, इथे आपले लोक चुकतात. फेडरल कायद्याप्रमाणे नॉन-इमिग्रंट व्हिसावर असताना बंदूक किंवा काडतुसं जवळ ठेवता येत नाहीत, हंटिंग लायसन्ससारखे मोजके अपवाद आहेत. ग्रीन कार्डवाल्यांना ही बंदी नाही. १८९८ किंवा त्याआधी बनलेलं हत्यार त्याच कायद्यात अँटिक धरतात, फायरआर्म नाही, पण राज्यांचे कायदे वेगळे आहेत आणि कॅलिफोर्निया त्यात कडक. इमिग्रेशनची फाइल चालू असताना वकिलाला विचारल्याशिवाय हात लावायचा नाही, म्युझियममध्ये बघा. हार्टफर्डला स्टेट लायब्ररीच्या इमारतीत म्युझियम ऑफ कनेक्टिकट हिस्टरी आहे, कोल्टचा संग्रह तिथे आहे, या कधी.

सातारकर, तुमच्या तिघांपैकी कोल्ट खरं निघालं तर ते नक्की अँटिक. .२२ अँटिक होऊच शकत नाही, १९१५ च्या आधी ते नव्हतंच, ते क्युरिओ अँड रेलिक, म्हणजे संग्राहकांच्या जुन्या बंदुकांच्या वर्गात येतं, पन्नास वर्षांवरचं म्हणून. एकाच राज्यातल्या दोन व्यक्तींमधलं देणं असल्यामुळे ओहायोत अडचण येऊ नये, तरी आजींकडून दोन ओळींचं पत्र घेऊन ठेवा, कोणी कोणाला कधी दिलं.

ओहायोतला_सातारकर:
सगळ्यांचे मनापासून आभार. काल रात्री मुलं झोपल्यावर टेबलावर पांढरं फडकं अंथरून बसलो. ठासणीच्या निपलांवर टोप्या नव्हत्या, चार घरं तळापर्यंत रिकामी, पाचव्यात मात्र राखाडी काहीतरी दिसलं. काका, तुमचं ऐकलं म्हणून हात लावला नाही, सकाळी गनस्मिथकडे नेलं. त्याने काढून दाखवलं, शिशाची गोळी आणि मागे काळ्या दारूची वडी. आजोबांनाही बहुतेक माहीत नसणार.

परत आणल्यावर भिंग घेऊन पूर्ण बघितलं. इटलीचे शिक्के नाहीत, चौकट नाही, ईएलजी नाही. नळी, फ्रेम, गार्ड आणि पट्टी, चारींवर तोच सहाआकडी नंबर, चक्रावरही जुळतो. पाचरीवर मात्र शेवटचे आकडे वेगळे आहेत. आणि ट्रिगर गार्डच्या मागच्या कोपऱ्यात ती करडी रेघ आहे! भिंगातून बघताना अंगावर काटा आला. मुलाला बोलावून दाखवली, तो बराच वेळ काही बोललाच नाही.

घुबडवाल्याला वर एकच खुंटी. मूठ तुम्ही सांगितली तशीच काढली, टकटक केल्यावर अलगद सुटली, नंबर लिहून घेतलाय.

.२२ वर वूड्समन कुठेच नाही, नळी बारीक, मागे चौकडीची नक्षी. टार्गेटचे कागद त्यातल्या सगळ्यात जुन्यापासून तारखेप्रमाणे लावले तर पहिल्या सोळा कागदांवर दुसऱ्याच कोणाचं नाव आहे. आजींना विचारलं, त्यांच्या सासऱ्यांचं.

पाचर वेगळ्या नंबरची आहे ती बदलू का?

जुनं_लोखंड:
नका बदलू. ती कोणीतरी दीडशे वर्षांत कधीतरी हरवली आणि दुसऱ्या कोल्टची आणून बसवली, फार जणांची तशीच असते. नंबरासकट सगळ्याचे फोटो काढा आणि आजींना विचारा सासरे कुठल्या गावचे, क्लब कुठला. कोल्टकडे नंबर देऊन .२२ चं आर्काइव्ह लेटर मागवता येतं, कधी आणि कुठल्या दुकानाला पाठवलं ते त्यात येतं. दुकान त्यांच्या गावचं निघालं तर इथे नक्की लिहा.