रूट्स रेगे स्टेजवर ऐकण्याचे दिवस गेलेच का?

वनड्रॉप:
१९७५ ते १९८० या काळात रूट्स रेगे हा जमैकाचा संगीतप्रकार स्टेजवर जसा वाजला, तसा पुन्हा वाजलाच नाही, असं माझं ठाम मत आहे. 'नो वुमन, नो क्राय'चंच घ्या. स्टुडिओतल्या मूळ गाण्यात ड्रम मशीन आहे. जुलै १९७५मध्ये लंडनच्या लायसियम थिएटरात बॉब मार्लीने तेच गाणं संथ लयीत घेतलं आणि अख्खं थिएटर गायला लागलं. आज जग ओळखतं ते हेच रूप. मार्लीचा ड्रमर कार्लटन बॅरेट याचा ठेका ऐका: सम मोकळी, आघात तिसऱ्या मात्रेवर. बास गिटारवर त्याचा थोरला भाऊ अ‍ॅस्टन. असं वाजवायला वर्षानुवर्षं एकत्र बसावं लागतं.

भिंतभर_स्पीकर:
वर्षानुवर्षं? १९७७मध्ये लंडनच्या रेनबो थिएटरात जमैकन गायक बर्निंग स्पिअरच्या साथीला अस्वाद बँडची तिथलीच तरुण पोरं होती आणि काय वाजवलंय त्यांनी! शिवाय तुमचा सुवर्णकाळ लंडनचा आहे. जमैकाच्या राजधानीत, किंग्स्टनच्या गरीब वस्त्यांत लोक नाचायचे ते साउंड सिस्टिमवर, म्हणजे मोठमोठ्या स्पीकरवर वाजणाऱ्या तबकड्यांवर. तबकडीची गाण्याविना बाजू लावायची आणि तिच्यावर माइक घेऊन यू-रॉयने बोलत सुटायचं. तीही मैफलच. आपल्यापर्यंत बँडच्या रेकॉर्डच जास्त आल्या, म्हणून आपण त्यांच्याच आठवणी काढतो.

वनड्रॉप:
साउंड सिस्टिमचं मोल मला मान्य आहे. पण २२ एप्रिल १९७८ आठवा. किंग्स्टनचं नॅशनल स्टेडियम, टोळ्यांमधला हिंसाचार थांबावा म्हणून भरवलेली वन लव्ह पीस कॉन्सर्ट. राहत्या घरी गोळीबारात जखमी होऊन दीड वर्षही झालं नव्हतं, आणि मार्लीने पंतप्रधान मॅन्ली व विरोधी पक्षनेते सियागा या एकमेकांच्या कट्टर विरोधकांना स्टेजवर बोलावून त्यांचे हात एकत्र धरले. अजून अंगावर काटा येतो.

कोकणकिनारा:
त्या क्षणाच्या पुढचंही सांगा ना. समेट घडवणाऱ्या टोळीप्रमुखांपैकी क्लॉडियस मॅसपला १९७९मध्ये पोलिसांनी गोळ्या घातल्या. मार्लीचा जुना साथीदार पीटर टॉश याने त्याच स्टेजवरून नेत्यांना खडे बोल सुनावले होते. काही महिन्यांत पोलिसांनी त्याला बेदम मारलं. १९८०च्या निवडणुकीत शेकडो माणसं मेली. ती गाणी मला जिवापाड आवडतात, पण त्या दिवसांना सोनेरी म्हणायला जीभ रेटत नाही.

वनड्रॉप:
दिवस सोनेरी नव्हतेच, खरं आहे. मी बोलतोय ते स्टेजबद्दल, आणि तिथून हटणार नाही. रेनबोचं ध्वनिमुद्रण आज रात्री पुन्हा लावतो.