पुराची तयारी नक्की काय करायची? (शाहूपुरी, कोल्हापूर)

नवाभाडेकरू: कुंभार गल्लीच्या जवळ भाड्याने आलोय. मी, बायको, चार वर्षांची पोरगी आणि आई, आईला शुगर आहे इन्सुलिन चालू. मालक म्हणतात २०१९ आणि २०२१ ला खाली पाणी होतं पण तुमचा दुसरा मजला, टेन्शन नको. बायको ऐकत नाही. नेटवर बघितलं तर सगळीकडे टॉर्च शिट्टी बिस्किटं एवढंच. निघायचं कधी हे कसं कळणार?

पंचगंगाकाठ: मालकाचं ऐकू नका भावा. पाणी वर येत नाही हे खरं, पण खाली आलं की लाईट बंद करतात, लाईट नाही म्हणजे मोटर नाही आणि टाकी संपली की संपलं. २०१९ ला तर पाणी उपसायची केंद्रंच बुडाली, चारी बाजूंनी पूर आणि आम्ही टँकरच्या लाईनीत घागरी घेऊन! पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्याची पातळी बघत जा, ३९ फूट इशारा, ४३ धोका, त्या वर्षी ५५ च्या वर गेली होती. राधानगरी धरणाचे दरवाजे उघडले म्हटलं की आमच्यात बॅगा भरतात आणि ३९ ला म्हातारी माणसं पोरं बहिणीकडं, ४३ ची वाट कोण बघतंय. इन्सुलिनला फ्रिज नसला तर कोरड्या डबीत घालून मडक्यात ठेवा आणि ते मडकं ओल्या वाळूत, पण डॉक्टरला एकदा विचारून घ्या.

सांगलीकर: +१. आणि पुण्याला जाऊ असं डोक्यात असेल तर काढून टाका, शिरोलीजवळ हायवेवरच पाणी येतं. गावातच उंचावरचं घर आत्ताच विचारून ठेवा. रोख पैसे पण काढा, एटीएम पेट्रोल दोन्ही संपतं. शेवटपर्यंत थांबून मग बोटीत गर्दी करायची वेळ आणू नका, २०१९ ला ब्रह्मनाळला बोट उलटून माणसं गेली, आठवतं ना.

लातूरवाला: तुम्हाला निदान फूट मोजायला मिळतात. किल्लारीला १९९३ ला पहाटे चारच्या आधी भूकंप झाला, आदल्या रात्री गणपती विसर्जन, माणसं गाढ झोपलेली, दगडमातीची जाड घरं अंगावर आली. आमच्या घरात अजून पलंगावर माळा नाही, उशाला चप्पल आणि बॅटरी. तुमचं प्रकरण वेगळं आहे म्हणा, पण कागदपत्रांचे फोटो बाहेरगावच्या नातेवाईकाकडे पाठवून ठेवा, हे दोन्हीकडे चालतं.

नवाभाडेकरू: मडक्याचं आईला पटलं, म्हणाली आमच्याकडं दूध असंच ठेवायचे. पातळी रोज कुठं कळते?

पंचगंगाकाठ: पावसाळ्यात व्हॉट्सॲपवर तासातासाला येते, नको म्हटलं तरी. खरी हवी तर १०७७ ला फोन लावा, जिल्ह्याचा कंट्रोल रूम. अडकलात तर ११२.