मदत हवी आहे: दुबईला एएसी ब्लॉक पाठवताना ईपीडी कोणाकडून करून घ्यावे?

नमस्कार मंडळी,

नागपूरजवळच्या हिंगणा एमआयडीसीत आमचा एएसी ब्लॉकचा (बांधकामाच्या हलक्या, सच्छिद्र काँक्रीट विटा) कारखाना आहे. मुख्य कच्चा माल कोराडी-खापरखेडा औष्णिक वीज केंद्रांची राख. दुबईच्या एका आयातदाराला माल पसंत आहे, पण तो ज्या प्रकल्पाला पुरवणार तिथे हरित इमारतीचे नियम लागू असल्याने त्याने ईपीडी मागितलंय, म्हणजे उत्पादनाच्या पर्यावरणीय परिणामांचं त्रयस्थाकडून तपासलेलं घोषणापत्र, ईएन १५८०४ या युरोपीय मानकाप्रमाणे.

आयईसी (आयात-निर्यात क्रमांक) आणि कॅपेक्सिल या निर्यात प्रोत्साहन परिषदेची नोंदणी झाली आहे. एचएस कोड (मालाचा वर्गीकरण क्रमांक) ६८१० धरलाय. भारत-यूएई व्यापार करारासाठीचं, माल भारतात बनल्याचं प्रमाणपत्र ऑनलाइन मिळतं, त्याची अडचण नाही. आयएस २१८५ भाग ३ या भारतीय मानकाप्रमाणे एनएबीएल मान्यताप्राप्त प्रयोगशाळेचा चाचणी अहवालही आहे. ग्रीनप्रो हे भारतातलं हरित उत्पादनाचं प्रमाणपत्र चालेल का विचारलं, तर आयातदार ईपीडीच हवं म्हणाला. ईपीडीसाठी दोन सल्लागारांचे दर घेतले. फरक इतका की कशावर विश्वास ठेवावा कळेना.

भाड्याचं गणित नागपूरचा आयसीडी (कंटेनर डेपो) ते न्हावा शेवा बंदर धरून केलंय, त्यावर सल्ला नको. आमचं युनिट लहान आहे, त्यामुळे खर्च एकदाच आणि योग्य जागीच करायचाय. राखेपासून बनलेला माल बाहेर विकला जावा ही मनापासून इच्छा आहे.

ज्यांनी प्रत्यक्ष हे केलंय त्यांनीच सांगावं: ईपीडीसाठी वीज, चुना, सिमेंट, राखेची वाहतूक यांच्या किती काळाच्या नोंदी मागतात? आणि ताकदीच्या चाचणीसाठी आपला आयएस अहवाल तिकडे चालतो, की ईएन ७७१-४ या युरोपीय मानकाप्रमाणे चाचणी पुन्हा करावी लागते?