ठिबकच्या जुन्या नळ्यांचं काही बनवता येईल का?

औसेकर_मास्तर: आमची शाळा औसा तालुक्यातली. पोळ्याला लेकरांकडून भंगारातून मोठा बैल करून घ्यायचा विचार चाललाय. बांधावर ठिबकच्या फाटक्या नळ्या, मल्चिंगचा (वाफ्यावर अंथरतात तो) प्लास्टिकचा कागद, खताच्या गोण्या नुसत्या पडून असतात, लोक सरळ पेटवून देतात अन् धूर गावभर. पण नळीला गोंद काही केल्या धरेना, दोनदा सगळं सुटून आलं. काय करावं?

भंगारवाली_ताई: मास्तर, ती नळी पॉलिथिनची, तिला गोंद धरतच नाही अन् रंगाचेबी पोपडे निघतात, त्यामुळं बाइंडिंग तारेनं बांधा नाहीतर टोपली विणतात तशी विणून काढा, आधी सळईचा सांगाडा करून घ्या म्हणजे झालं. काळा बैल तसाबी भारीच दिसतो! झूल गोणीची. अन् रंग लावूच नका, पोळा झाला की तार काढून नळ्या भंगारवाल्याला देता येतील, नाहीतर आपणच नवा कचरा केला की.

बीडचा_गडी: चंदीगडचं रॉक गार्डन दाखवा लेकरांना मोबाईलवर. ते करणारे नेकचंद चंदीगडातच रोड इन्स्पेक्टर होते, पाडलेल्या घरांचा मलबा, फुटक्या बांगड्या, कपबश्या गोळा करून जंगलात गुपचूप मूर्ती करत बसायचे, १९७६ ला ते लोकांसाठी उघडलं.

औसेकर_मास्तर: विणायचं डोक्यातच आलं नव्हतं ताई, आमच्या गावात एक आजोबा टोपल्या विणतात, त्यांनाच बोलावतो उद्या. शिंगाला काय वापरू?

भंगारवाली_ताई: सायकलचं हँडल!