दुबईतली प्रदर्शनं: जुन्या वस्तीच्या गल्ल्यांत की अल कूझच्या गोदामांत?

बरदुबईकर
हिवाळा जवळ आला की हा वाद निघतोच, म्हणून एकदा नीट मांडतो. अजून नाव न झालेल्या स्थानिक कलाकाराचं काम लोकांपर्यंत पोचवायचं असेल तर ते खाडीकाठच्या जुन्या वस्तीतच लावावं. ‘सिक्का’ हा कला महोत्सव २०११ मध्ये या जुन्या वस्तीतल्या अल फहिदीत सुरू झाला, २०२४ पासून तो तिथल्याच शिंदग्यात भरतो. प्रवेश फुकट. जुन्या घरांच्या खोल्या आणि चौक कलाकारांना मिळतात. खाडीपलीकडच्या देऱ्याहून एक दिरहम देऊन अब्र्यातून, म्हणजे लाकडी होडीतून, उतरलेला माणूस, मीना बाजारात साडी घ्यायला आलेलं कुटुंब, कामावरून सुटलेला मजूर असे सगळे आपसूक आत येतात.

अल कूझचं अल सर्काल ॲव्हेन्यू, म्हणजे गोदामांतल्या गॅलऱ्यांचं संकुल, २००८ पासून आहे, उत्तम आहे, पण मेट्रोतून उतरून पुढे टॅक्सी करावी लागते. एवढी खटपट करून येणारा माणूस आधीपासूनच चित्रं बघणारा असतो. नवा प्रेक्षक तिथे तयार होत नाही. ज्यांना गोदामंच बरी वाटतात त्यांनी कारणं द्यावीत.

फ्रेमवाला
घ्या कारणं. अल फहिदीतली घरं प्रवाळाच्या दगडाची आणि जिप्समच्या गिलाव्याची. भिंतीत खिळा मारता येत नाही, मारूही नये. शिवाय प्रवाळात समुद्राचं मीठ असतं, ते हवेतला ओलावा ओढतं. भिंतीला टेकवलेल्या फ्रेमची पाठ दमट होते. म्हणजे पॅनेल उभी करणं आलं, आणि तिथून खरी कटकट सुरू होते.

१.२ मीटर बाय २.४ मीटरचं उभं पॅनेल घ्या. ताशी ३६ किलोमीटर वारा असेल तर त्यावर साधारण २० किलोचा रेटा बसतो. वारा ५४ वर गेला की रेटा ४५ किलोच्या पुढे, कारण वेग दीडपट झाला की जोर सव्वादोनपट होतो. पॅनेल ३५ किलोचं आणि पाय १.२ मीटर लांब असले तर पहिल्या वाऱ्यातच ते आडवं होतं, दुसऱ्याचं तर विचारूच नका. दोन्ही पायांच्या चारही टोकांवर किमान १५-१५ किलोची वाळूची पिशवी हवीच. बरं, या अरुंद गल्ल्या बांधल्याच मुळी खाडीवरचा वारा आत खेचायला! लोक पॅनेलला पाय लावतात आणि वजन विसरतात.

आता प्रकाश. जलरंग, कागद, कापड यांना संग्रहालयात ५० लक्सच्या (लक्स म्हणजे प्रकाश मोजायचं एकक) आसपास ठेवतात. उघड्या उन्हात लाखभर लक्स असतात. रोज आठ तास याप्रमाणे महिनाभर ५० लक्सखाली जेवढा प्रकाश चित्रावर पडतो, तेवढा उन्हात सात-आठ मिनिटांत पडतो. अतिनील किरणांचा भाग वेगळाच.

डिसेंबर-जानेवारीत पहाटे धुकं असतं, आर्द्रता शंभर टक्क्यांच्या जवळ. दुपारी ती चाळीसवर येते. कागद रोज फुगतो, रोज आकसतो आणि चौथ्या दिवशी माउंटमध्ये, म्हणजे चित्राभोवतीच्या पुठ्ठ्याच्या चौकटीत, लाटा दिसू लागतात. कागद चारही बाजूंनी चिकटवला असेल तर हमखास. दोन्ही बाजूंनी चिकटणारी पट्टी उन्हाने सैल पडते आणि चित्र घसरतं. वरच्या कडेला जपानी कागदाचे दोन बिजागर आणि गव्हाच्या खळीने चिकटवणं, एवढंच टिकतं.

बरदुबईकर
हिशेब मान्य, निष्कर्ष अमान्य. तुम्ही ‘जुनी वस्ती’ आणि ‘उघडी गल्ली’ हे एकच धरलंत. त्या घरांच्या आतल्या खोल्यांना लहान खिडक्या आहेत, कित्येक खोल्यांत एसी आहे. मजलिस गॅलरी १९८९ पासून अल फहिदीतल्याच एका घरात चालते, आणि तिथे जलरंगही लागतात. कागद आत, धातू-दगड-सिरॅमिक चौकात, गल्लीत फक्त छापील कापड नाहीतर मांडणशिल्प. काम बघून जागा निवडली की निम्म्या तक्रारी उरत नाहीत.

एक मात्र मी जोडतो. काच जड म्हणून लोक ॲक्रिलिक लावतात. कोरड्या हवेत ते फडक्याने पुसलं की त्यावर स्थिर वीज येते आणि तासाभरात धूळ पुन्हा चिकटते. स्थिर वीज रोखणारं द्रावण कापडावर घेऊन पुसायचं, थेट शीटवर फवारायचं नाही, कडेने आत झिरपतं. आणि खडूरंग किंवा कोळशाच्या कामावर ॲक्रिलिक नकोच, भुकटी ओढून घेतं.

रांगोळीताई
मंडळांच्या प्रदर्शनाचं कुणीच बोलत नाही, म्हणून मी बोलते. लोकांना वाटतं रांगोळीला हॉल बरा, वारा नाही. चूक. हॉलमध्ये छतातून एसीचा झोत थेट खाली येतो आणि बारीक पूड एका बाजूला सरकते. हॉल घेतलात तर आधी झोताखाली पातळ कागदाची पट्टी धरून बघा, हलली तर जागा बदला. चारही बाजूंनी घर असलेला चौक मला हॉलपेक्षा कधीही बरा वाटतो.

फरशीवर थेट काढू नका. जुन्या फरशीत रंग उतरला तर भरपाई मागतील. आठ बाय चार फुटांचं १८ मिलिमीटरचं प्लायवुड, त्यावर बिनचमकीच्या काळ्या रंगाचे दोन हात, सांधे खालून पट्टीने जोडलेले. समुद्राकडचा वारा दुपारी जोरात असतो, सूर्यास्तानंतर मंदावतो, तेव्हा कामाला बसायचं. पण मग रात्रीचा दमटपणा! पूड गोळे धरते, चिमटीतून सुटत नाही. झाकणाच्या डब्यांतून थोडी थोडी काढा आणि रंगात कोरडी चाळलेली वाळू मिसळा. वाळू जड असते, जागची हलत नाही. भोवती गुडघाभर उंचीचा कठडा लावा, नाहीतर लहान मुलं पहिल्या तासातच रांगोळी पुसतील, त्यांना वाऱ्याची मदत लागत नाही.

वारलीचं वेगळं. कापडावर गेरू किंवा शेण सारवून तांदळाच्या पिठाने काढलेलं असेल तर घडी घालायचीच नाही. दहा सेंटिमीटर व्यासाच्या नळीवर, चित्र बाहेरच्या बाजूला ठेवून गुंडाळायचं. आत ठेवून गुंडाळलं की उलगडताना पिठाची रेघ तुटते. लोक नेमकं उलटं करतात, चित्र ‘सुरक्षित’ राहावं म्हणून!

कागदपत्रवाली
ताई, वारली गुंडाळली छान, पण ती विमानतळाबाहेर कशी आणणार? प्रदर्शनापुरतं आणून परत न्यायचं असेल तर भारतात फिक्की ही उद्योजकांची संघटना एटीए कार्नेट देते, म्हणजे तात्पुरत्या आयातीचा सीमाशुल्काचा कागद. यादीतली प्रत्येक वस्तू परत गेली पाहिजे. एखादं चित्र इथे विकलंत तर त्याची आयात वेगळी करावी लागते. लाकडी खोका पाठवत असाल तर त्यावर उष्णता-उपचाराचा गव्हाच्या ओंबीचा शिक्का बघून घ्या. प्लायवुडला तो लागत नाही, कच्च्या फळ्यांना लागतो.

परवानगीचं सगळेच विसरलात. जाहीर कार्यक्रमाला अर्थ व पर्यटन विभागाचं परमिट लागतं, आणि त्यासाठी परवानाधारक संस्था किंवा जागेचा मालक पुढे असावा लागतो. दारात मदतीचा डबा ठेवायचा नाही. परवानगी नसलेल्या संस्थेने निधी गोळा करणं इथे गुन्हा आहे, हेतू कितीही चांगला असो. गोदामातल्या गॅलरीकडे हे कागद बहुतेक तयार असतात. लहान मंडळाला तेच सोपं. हवामानाआधी हे बघा.

पंचांगवाला
जागेवर भांडण्याआधी कॅलेंडर उघडा. उघड्यावरचा हंगाम नोव्हेंबर ते मार्च. रमजान दरवर्षी सुमारे ११ दिवस मागे येतो. २०२५ मध्ये तो १ मार्चला लागला, २०२७ मध्ये साधारण ८ फेब्रुवारीला, २०२९ मध्ये जानेवारीच्या मध्याला लागेल. २०३० मध्ये तर दोनदा, जानेवारीच्या सुरुवातीला आणि पुन्हा डिसेंबरअखेरीस. म्हणजे उघड्यावरच्या प्रदर्शनांचा हुकमी फेब्रुवारी काही वर्षं रमजानातच जाणार. मागे उरतो नोव्हेंबर-डिसेंबर, आणि तेव्हा शहरात इतके कार्यक्रम असतात की शामियाने आणि दिवे भाड्याने मिळणं मुश्कील. गोदामाला यातलं काही लागू नाही.

बरदुबईकर
उलट! रमजानात लोक रात्रीच बाहेर पडतात. रात्री साडेआठ ते बारा ठेवा, ऊनही नाही आणि फ्रेमवाल्यांचे लक्सही नाहीत. दिवसा दारं बंद. फक्त तरावीहच्या, म्हणजे रमजानातल्या रात्रीच्या नमाजाच्या, वेळेत ध्वनिवर्धक लावू नका आणि खाण्याचे स्टॉल इफ्तारनंतरच उघडा. दिवे धूळ-पाणी रोखणारे, आयपी ६५ दर्जाचे, ३००० केल्विनचे म्हणजे पिवळसर प्रकाशाचे, चित्राकडे ३० अंशांच्या कोनात. पसरट फ्लडलाइट लावला की काचेत बघणाऱ्याचाच चेहरा दिसतो.

फ्रेमवाला
रात्रीचं पटलं, ते मी मागे घेत नाही. पण तुमच्या चौकांना छप्पर नाही. १६ एप्रिल २०२४ चा पाऊस आठवा, १९४९ पासूनच्या नोंदींतला सगळ्यात मोठा. असा पाऊस दरवर्षी येत नाही हे खरं, पण जानेवारीतली एक साधी सर इथल्या सपाट गच्चीवरून थेट चौकात उतरते. पॅनेल जमिनीपासून १५ सेंटिमीटर वर हवं, विजेचे जोड ठोकळ्यावर हवेत, आणि प्रत्येक कामामागे त्याच्या मापाची प्लास्टिकची खोळ आधीच टांगलेली हवी. कोण करतं एवढं?

आणि पैशाचं बोला. गॅलरी विक्रीतलं साधारण निम्मं घेते म्हणून शिव्या खाते, पण त्यात भिंत, विमा, बिल आणि ५ टक्के व्हॅटचा हिशेब येतो. गल्लीत गर्दी हजारोंची आणि विक्री फ्रिजवर लावायच्या चुंबकांची.

रांगोळीताई
रांगोळी विकायची कुणाला आहे? मंडळाला विक्री नको, बघणारे हवेत. ज्याला विकायचंय त्याने गोदामात जावं. आमची प्लायवुडं चौकातच लागतील. तेवढं गच्चीच्या पन्हाळ्याखाली कुठली जागा येते ते दिवसा एकदा जाऊन बघते, हा मुद्दा घेतला.

कागदपत्रवाली
बघून आलात की चौकाचं माप आणि तारीख कळवा, परमिटच्या अर्जाला नकाशा जोडावा लागेल. आग विझवायची नळकांडी कुठे ठेवणार तेही त्यातच दाखवा.