लाडकी बहीण चालू ठेवायचीय ना, मग तिच्यासाठी उघडपणे कर लावा

पगारदार_पुणेकर: मार्च २०२५ चं राज्याचं बजेट बघा. कर्ज ९.३२ लाख कोटींवर जाणार, महसुली तूट ४५,८९१ कोटी, आणि लाडकी बहीणला ३६ हजार कोटी. म्हणजे महिन्याचे १५०० उसनवारीवर चाललेत, कारण महसुली तूट म्हणजे रोजचा खर्चच भागत नाहीये. माझा योजनेला विरोध नाही. पण १९७२ च्या दुष्काळानंतर याच महाराष्ट्राने रोजगार हमी आणली तेव्हा तिच्यासाठी १९७५ ला व्यवसाय कर लावला, आजही माझ्या पगाराच्या स्लिपवर पीटी (म्हणजे हाच व्यवसाय कर) २०० असं असतं, फेब्रुवारीत ३००. शहरातल्या नोकरदाराने खेड्यातल्या मजुरासाठी द्यायचे, असं तोंडावर सांगून घेतले होते ते. आता ही हिंमत कुठल्याच पक्षात नाही, उलट निवडणुकीत १५०० चे २१०० करायचा वायदा.

बार्शीची_ताई: कर्जाची आठवण बायकांच्या खात्यात पैसे आले की बरोबर येते तुम्हाला! शक्तिपीठ महामार्गाचे ८६ हजार कोटी कुठून येणार ते विचारलंत का कधी? माझ्या जाऊबाईंनी त्या पैशातून पोरीच्या क्लासची फी भरली, नवऱ्यापुढं हात पसरला नाही, लग्नाला एवढी वर्षं झाली त्यात पहिल्यांदाच. हे तुमच्या तुटीच्या कुठल्या रकान्यात बसतं?

पगारदार_पुणेकर: ताई, ते मोलाचंच आहे, म्हणून तर ते पुढच्या बजेटात कापलं जाऊ नये असं वाटतं. आधीच्या वर्षी ४६ हजार कोटी होते, २०२५ च्या बजेटात ३६. उधारीवरची योजना अशीच गुपचूप आकसते.

आकडेमोड: एवढं घाबरायचं काय आहे? राज्याच्या सकल उत्पन्नाच्या, म्हणजे अख्ख्या अर्थव्यवस्थेच्या, २५ टक्क्यांपर्यंत कर्ज चालतं, त्या बजेटप्रमाणे आपण १९ च्या आसपास होतो, राजकोषीय तूट, म्हणजे वर्षाची एकूण उसनवारी, तीही ३ टक्क्यांच्या आत. आणि काही जण महागाईचं खापरही या योजनेवर फोडतात, ते बरोबर नाही, राज्य काही नोटा छापत नाही, ते रिझर्व्ह बँकेमार्फत रोखे विकून कर्ज काढतं. सप्टेंबर २०२४ ला तेल भडकलं ते केंद्राने खाद्यतेलावरचं आयात शुल्क वाढवलं म्हणून.

बार्शीची_ताई: आणि कर लावला नाही कोण म्हणतं? शंभरचा स्टॅम्प पाचशेचा केला, जानेवारी २०२५ ला एसटी जवळजवळ १५ टक्क्यांनी वाढवली. आमच्याकडनं घेतलेलेच आम्हाला देतात की.

पगारदार_पुणेकर: हेच तर म्हणतोय ताई मी! मागच्या दाराने घेतलं की सगळ्यात जास्त भार एसटीने जाणाऱ्यावर पडतो. त्यापेक्षा माझ्यासारख्याची पीटी वाढवा ना.

आकडेमोड: वाढवता येत नाही, घटनेच्या कलम २७६ मध्ये वर्षाला २५०० ची मर्यादा आहे, १९८८ पासून तीच. जीएसटी आल्यावर राज्याच्या हातात उरलं काय तर मुद्रांक, दारू, पेट्रोल-डिझेल, गाड्या, वीज.

पगारदार_पुणेकर: मग मुद्रांकाचंच बघा. दोन-तीन कोटींच्या फ्लॅटवर जादा टक्का लावा आणि तो फक्त या योजनेच्या वेगळ्या खात्यात टाका, रोहयोसारखा. आणि ती मर्यादा वाढवून मागायला आपले ४८ खासदार आहेतच दिल्लीत.

बार्शीची_ताई: हे चालेल मला. फक्त २१०० म्हणालेत ते आधी द्या.